नासणे आणि नासवणे : पाडव्याचा चक्का आणि वेदांतील आमिक्षा

फाल्गुनाची अमावास्या उतरणीला लागते आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या घराघरांत दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे गुढीसाठी वेळूची काठी धुऊन-पुसून ठेवली जाते, कडुलिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी आणली जाते; दुसरीकडे स्वयंपाकघरात घट्ट विरजलेले दही स्वच्छ फडक्यात बांधून टांगले जाते. पूर्वी त्यासाठी तुळईला खुंटी असे. आता सदनिकांच्या युगात ती जागा मोरीच्या नळाने किंवा खिडकीच्या गजाने घेतली आहे. रात्रभर थेंब थेंब पाणी ठिबकते आणि पहाटे, रांगोळीची पहिली रेघ उमटण्याच्या सुमारास, त्या पुरचुंडीत शुभ्र, घट्ट, लोण्यासारखा मऊ चक्का तयार झालेला असतो. पाडव्याच्या नैवेद्याचे श्रीखंड त्यातूनच जन्माला येते.

डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रेचा उपक्रम सुरू केला. पुढे ठाण्यात, कल्याणात आणि महाराष्ट्रातील अनेक गावांत ही प्रथा रुजली. फडके रोडवर सूर्योदयासोबत गर्दीचा पूर लोटतो, लेझीम-ढोलांचा नाद घुमतो, नऊवारी आणि फेटे यांची शोभा दिसते. ही सारी शोभा हवीच. परंतु यात्रेहून परतल्यावर घरच्या देवापुढे जे ताट वाढले जाते, त्यातील नैवेद्य कोठून आला, कोणत्या हातांनी घडला, हा प्रश्न त्या शोभेइतकाच महत्त्वाचा आहे. आज बहुतेक घरांत श्रीखंडाचा डबा बाजारातून येतो. पनीरही बाजारातूनच येते. घरी चक्का बांधणाऱ्या सुगरणी अजून आहेत, पण त्यांची संख्या दरवर्षी उणावते आहे. आणि दूध फोडून छेना किंवा पनीर करण्याचा विषय निघाला की कित्येक श्रद्धाळू घरांत एक संकोच आडवा येतो. कीर्तन संपल्यावर, आरतीचे तबक फिरत असताना, माताभगिनी हळूच विचारतात, "बुवा, फाटलेल्या दुधाचे देवाला चालते का हो? दूध नासणे म्हणजे अपशकुनच ना?"

हा प्रश्न क्षुल्लक नाही. सणाच्या सकाळी चुलीवर दूध नासले म्हणून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सुना या पट्ट्यात आहेत. वर्षाच्या पहिल्या दिवशी दूध नासले, आता वर्ष कसे जाईल, असा घोर कित्येक घरांत लावला जातो. त्या बिचारीच्या मनावर हे ओझे कोणी टाकले, आणि शास्त्राचा त्याला आधार आहे की नाही, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

मराठी भाषेची साक्ष

प्रथम आपल्या मायबोलीलाच विचारू. मराठीत 'दूध नासले' म्हणतात आणि 'दूध नासवले' असेही म्हणतात. एका प्रत्ययाने येथे अर्थाचे अंतर किती पडते पाहा. जे नासले ते आपल्या हातून सुटले. निष्काळजीपणाने, उष्म्याने, भांड्याच्या अस्वच्छतेने बिघडले. जे नासवले ते हेतूने, विधीने, काही घडविण्यासाठी केले. नासलेल्या दुधाला आंबूस वास येतो, चव कडवट होते; ते देवाला तर नाहीच, माणसालाही योग्य नाही. नासवलेल्या दुधाचा गोळा मात्र गोड, शुभ्र आणि ताजा असतो. दोन्हीकडे दिसायला घटना एकच, दुधाचे घन आणि द्रव वेगळे झाले. परंतु एकीकडे ऱ्हास आहे, दुसरीकडे संस्कार आहे. तांदूळ भिजून कुजला तर तो फेकावा लागतो आणि भिजवून, वाटून, आंबवला तर त्याचेच घावन-अनारसे होतात. त्यांना कोणी कुजका तांदूळ म्हणत नाही.

आणि दूध आपोआप नासते त्यात शकुन-अपशकुन कसला? दुधात सूक्ष्म जंतू असतात. उन्हाळ्यात ते झपाट्याने वाढतात आणि दुधातील शर्करेचे आम्ल करतात. आम्ल वाढलेले दूध आचेवर चढले की फुटते. पाडवा येतो तो नेमका ऊन तापू लागलेल्या दिवसांत. दुधाची पिशवी दुकानाबाहेर तासभर उन्हात राहिली, वीज गेल्याने शीतकपाट थंड राहिले नाही, किंवा पातेल्याच्या काठाला कालचे दूध चिकटून राहिले, एवढे कारण पुरते. त्यात सुनेचा पायगुण नाही की येत्या वर्षाचे भविष्य नाही.

वेदकालीन गृहिणीचे पनीर

आता शास्त्राकडे वळू. वैदिक यज्ञसंस्थेत चातुर्मास्य नावाचे याग आहेत. ऋतूंच्या संधिकाली ते करावयाचे असतात आणि त्यांतील पहिल्या पर्वाचे नाव वैश्वदेव. हे पर्व फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेला करतात, म्हणजे आपल्या पाडव्याच्या पंधरा दिवस आधी अथवा पंधरा दिवस नंतर. वसंताच्या त्याच उंबरठ्यावर. या पर्वात विश्वेदेवांना जे हवि अर्पण करतात त्याचे नाव आमिक्षा. आमिक्षा म्हणजे काय? तापलेल्या दुधात दही घातले असता जो घट्ट भाग वर येतो ती आमिक्षा, आणि जे पाणी उरते ते वाजिन. अमरसिंहाने आपल्या कोशातील ब्रह्मवर्गात आमिक्षेचा हाच अर्थ सांगितला आहे. वाचकहो, ही कृती ओळखीची वाटली ना? आज आपल्या ओट्यावर ज्याला पनीर किंवा छेना म्हणतात, त्याच्या घडणीहून ही वेगळी नाही. जो पदार्थ प्रत्यक्ष वैदिक देवतांचे हवि आहे, तो आपल्या देव्हाऱ्यातील मूर्तीला वर्ज्य कसा असेल?

मीमांसकांनी तर या आमिक्षेवर मोठा सूक्ष्म विचार केला आहे. जैमिनीच्या सूत्रांत एक शंका उपस्थित केली आहे. आमिक्षा दूध आणि दही या दोहोंपासून होते. मग तिला दुधाचा विकार मानावे की दह्याचा? कोणी म्हणेल, घट्टपणा दह्यासारखा आहे, म्हणून ती दह्याची. सिद्धान्त मात्र असा आहे की आमिक्षा दुधाचीच, कारण तेथे दूध प्रधान आहे आणि दही केवळ त्याला घट्ट करण्यापुरते आले आहे. या निर्णयासाठी जैमिनी लोकव्यवहाराचा दाखला देतो, हे मला फार हृद्य वाटते. यज्ञमंडपातील प्रश्नाचे उत्तर त्याने गृहिणीच्या चुलीपाशी शोधले! या सिद्धान्ताचे तात्पर्य आपल्यापुरते एवढेच की, फोडलेले दूध हे बिघडलेले दूध नव्हे. ते एकत्र गोळा होऊन आलेले दूधच होय. लिंबाचा रस काय, दही काय, ती निमित्ते.

मीमांसेत दुसरा विचार असा येतो : तापल्या दुधात दही घालावयाचे ते कशासाठी? आमिक्षेसाठी की वाजिनासाठी? दोन्ही एकाच वेळी निर्माण होतात. उत्तर असे की, प्रयोजन आमिक्षा. वाजिन अनुषंगाने लाभते. पण लाभलेले वाजिन टाकून देत नाहीत. त्याचीही आहुती वाजिन् नामक देवतांना दिली जाते. मुख्य कोणते आणि आनुषंगिक कोणते याचा विवेक ठेवावा, आणि आनुषंगिकाचाही अनादर करू नये, ही शिकवण यज्ञात आहे तशी संसारातही आहे. सणाच्या दिवशी पूजा ही आमिक्षा आणि मिरवणूक हे वाजिन, असे म्हटले तर यात्रेचा उत्साह उणा होत नाही; उलट त्याला त्याची नेमकी जागा मिळते.

स्मृतींचा निर्णय आणि ठाण्याचा राजा

कोणी म्हणेल, यज्ञाची गोष्ट वेगळी, आचाराचे काय? आंबलेले अन्न स्मृतिकारांनी निषिद्ध मानले आहे हे खरे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात हा निषेध सांगून लगेच अपवाद केला आहे : आंबट झालेल्या पदार्थांपैकी दही भक्ष्य आहे आणि दह्यापासून होणारे सर्व काही भक्ष्य आहे. चक्क्याला याहून स्पष्ट अनुज्ञा कोणती हवी?

याच अध्यायात एक निषेध मात्र आहे आणि तो आपल्याला विचारात पाडणारा आहे. व्यालेल्या गाईचे पहिल्या दहा दिवसांचे दूध वर्ज्य सांगितले आहे आणि गाईचा चीकही टाळावा असे म्हटले आहे. त्यामागे वासराच्या मुखीचा घास काढून घेऊ नये ही करुणा असावी, असे मला वाटते. आपण मराठी माणसे खरवस मात्र मिटक्या मारीत खातो! खरवसाच्या वडीला नाक न मुरडणाऱ्याने छेन्याच्या गोळ्याला विटाळ मानावा, यात शास्त्र कमी आणि सवय अधिक आहे. मी खरवसाची निंदा करीत नाही. शास्त्राने जे वर्ज्य म्हटले ते आपण प्रेमाने स्वीकारले आणि ज्याला हविष्याचा मान दिला त्याला अपशकुनी ठरवले, एवढेच नम्रपणे निदर्शनास आणतो.

ठाणेकरांना तर या धर्मशास्त्रविचाराचा विशेष अभिमान वाटावा. श्रीस्थानक म्हणजे आपले ठाणे ही ज्यांची राजधानी होती त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी अपरादित्य नावाच्या राजाने बाराव्या शतकात याज्ञवल्क्यस्मृतीवर विस्तृत टीका लिहिली. 'अपरार्क' या नावाने ती विख्यात आहे आणि दूर काश्मीरपर्यंत तिला मान्यता मिळाली. पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०३-०४ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. याज्ञवल्क्यस्मृतीतही भक्ष्याभक्ष्याचे प्रकरण आहे. म्हणजे काय खावे, काय टाळावे याचा विचार आपल्या मासुंदा तलावाच्या परिसरात आठशेहून अधिक वर्षांपूर्वी राजसिंहासनावरून होत होता.

भीमाची रसाला, सोमेश्वराचा छेना

सोळाव्या शतकातील भावमिश्राने 'भावप्रकाश' या ग्रंथात दुधाच्या या विकारांची अख्खी वंशावळ दिली आहे. दह्यासह शिजवलेले दूध ती दधिकूर्चिका. ताकासह शिजवलेले ती तक्रकूर्चिका. फुटलेले दूध आटवून झालेला गोळा तो किलाट. दह्याने अथवा ताकाने फोडलेले दूध चांगल्या वस्त्रात बांधून पाणी निथळल्यावर उरतो तो तक्रपिंड. आणि जे पाणी निघते ते मोरट. यांचे गुणही सांगितले आहेत : पौष्टिक, बल वाढविणारे, वात-पित्त शमविणारे, परंतु पचावयास जड आणि कफकारक, ज्यांचा अग्नी प्रदीप्त आहे आणि ज्यांना झोप येत नाही त्यांना हितकर. श्रीखंड-पुरीच्या जेवणानंतर पाडव्याच्या दुपारी सारे घर घोरत का पडते, याचे उत्तर येथे सापडते!

त्याच ग्रंथात रसालेची, म्हणजे शिखरिणीची, कृती आहे. पाणी निथळलेले म्हशीचे आंबट दही आणि शुभ्र साखर स्वच्छ वस्त्रावर घासून गाळावी, त्यात दूध घालावे आणि वेलची, लवंग, कापूर, मिरे यांनी ती सुवासिक करावी. म्हणजे आपल्या श्रीखंडाची ही थोडी पातळ वडील बहीण. आणि ही रसाला प्रथम कोणी केली? भोजनप्रिय भीमसेनाने, असे भावमिश्र सांगतो. आणि साक्षात श्रीकृष्णाने ती पुनःपुन्हा प्रीतीने चाखली. बल्लवाचे रूप घेऊन विराटाच्या पाकशाळेत राबणारा भीम डोळ्यांपुढे आणा. गदा धरणारा तो हात फडक्यावर दही घासतो आहे! नैवेद्य करणे हे केवळ स्त्रियांचे काम आहे असे मानणाऱ्या पुरुषमंडळींनी या कथेचे मनन करावे आणि पाडव्याच्या पहाटे पुरणयंत्र फिरवायला पुढे व्हावे.

त्याहून चार शतके मागे गेले तर 'मानसोल्लास' हा ग्रंथ भेटतो. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने तो ११२९ च्या सुमारास रचला. त्याची राजधानी कल्याण. मात्र कल्याणकर वाचकांनी घाई करू नये. ते कल्याण बिदर जिल्ह्यातील, आजचे बसवकल्याण. आपले खाडीकाठचे कल्याण निराळे. सोमेश्वराच्या पाकप्रकरणात तापलेले दूध आंबट ताकाने फोडावे, वस्त्राने गाळावे, त्यात तांदळाचे पीठ मिसळून गोळे करावेत, ते तळून साखरेच्या पाकात टाकावेत, अशी कृती येते. दूध फोडण्याची विद्या आपण पोर्तुगीजांकडून शिकलो, असे मत काही अभ्यासकांनी बंगालच्या संदर्भात मांडले आहे. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. आमिक्षा आणि मानसोल्लास त्याच्या कितीतरी आधीचे. बंगाली मिठाईच्या भरभराटीत फिरंग्यांचा वाटा किती, ते तज्ज्ञ ठरवोत. परंतु दूध फोडणेच या भूमीला अपरिचित होते, हे म्हणणे टिकत नाही.

आणि देवाला ते चालते का, हे विचारायचे तर जगन्नाथपुरीला विचारावे. रथयात्रेनंतर देव पुन्हा मंदिरात प्रवेश करतात त्या नीलाद्रिबिजे या दिवशी रुसलेल्या लक्ष्मीची समजूत काढण्यासाठी जगन्नाथ तिला रसगुल्ला देतो, अशी तेथील परंपरा आहे. रसगुल्ला हा छेन्याचाच. चार धामांपैकी एका धामाचा स्वामी ज्याने देवीचा रुसवा काढतो, त्या पदार्थाला अशुभ म्हणण्याचे धाडस निदान मला होत नाही.

चक्का कसा बांधावा

आता प्रत्यक्ष कृती. सुगरणींना ती ठाऊक आहेच; नव्या संसारांसाठी लिहितो.

अमावास्येच्या सकाळी म्हशीचे दोन लिटर निर्मळ दूध चांगले उकळावे. दूध कोठलेही असो, सुटे असेल तर विशेषच, उकळल्यावाचून विरजू नये. कच्च्या दुधातून रोग संभवतात. ते कोमट होऊ द्यावे. करंगळी बुडवली असता सुखद ऊब लागावी, चटका बसू नये. लिटरला चहाचा एक चमचा या प्रमाणात गोड विरजण घालून ढवळावे आणि झाकून ठेवावे. या दिवसांत पाच-सहा तासांत दही लागते. लागले की थांबू नये. अधिक वेळ गेला की आंबट होते आणि मग साखर कितीही घाला, जिभेला खुपते.

मातीचे अथवा पोलादी भांडे उत्तम. पितळेचे असेल तर कल्हई पाहून घ्यावी, नाहीतर दही कळकते आणि असे दही विषासमान आहे. बांधायला मलमलीचे किंवा जुन्या धोतराचे स्वच्छ फडके घ्यावे. ते साबणाच्या वासाचे नसावे. उकळत्या पाण्यातून काढून पिळून घेतलेले असावे. दही घालून टोके एकत्र गाठावीत आणि पुरचुंडी टांगावी. पाणी काढण्यासाठी प्रारंभीच जोराने पिळू नये, चक्का फडक्यातून बाहेर येतो. आपल्याच भाराने पाणी गळू द्यावे. सहा ते आठ तास पुरतात. उकाडा फार असेल तर दोन तास बाहेर टांगून मग ती पुरचुंडी चाळणीत, खाली पातेले ठेवून, शीतकपाटात रात्रभर ठेवावी. एक लिटर घट्ट दह्याचा साधारण साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम चक्का होतो. त्यात बहुधा समभाग साखर घालतात. चक्का गोड असेल तर थोडी कमी. तासभर मुरवून पुरणयंत्रातून काढावे, मग केशर, वेलची, जायफळ घालावे.

आमिक्षा कशी करावी

आमिक्षेसाठी, म्हणजे ताज्या पनीरासाठी, गाईचे किंवा म्हशीचे दूध चालते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश अधिक. त्याचे पनीर भरघोस आणि कठीण होते, ते भाजीला योग्य. गाईच्या दुधाचा छेना मऊ, किंचित पिवळसर आणि मिठाईला उत्तम. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या खोक्यातले दूध मात्र या कामी घेऊ नये. त्याला इतका प्रखर ताप दिलेला असतो की त्याचा गोळा नीट धरत नाही.

एक लिटर दूध उकळी येईपर्यंत तापवावे आणि विस्तवावरून उतरवून एक-दोन मिनिटे निवू द्यावे. वैदिक रीतीने करावयाचे तर पावशेर आंबट दही घुसळून, थोडे थोडे घालीत, हलक्या हाताने ढवळावे. दही नसेल तर एका मोठ्या लिंबाचा रस तेवढ्याच कोमट पाण्यात मिसळून, तोही थोडा थोडा घालावा. दुधाचे कण जमू लागतात आणि पाणी हिरवट-पिवळे व स्वच्छ दिसू लागते. असे पाणी दिसले की थांबावे. पाणी दुधाळच राहिले तर आणखी थोडा रस घालावा. घाईने एकदम आंबट ओतले किंवा फुटल्यावरही उकळत ठेवले तर गोळा चिवट होतो. पाच मिनिटे झाकून ठेवून फडक्यातून गाळावे, वरून गार पाणी घालून आंबटपणा धुवावा आणि अर्धा तास टांगावे. वडी पाहिजे असल्यास पुरचुंडी पाटावर ठेवून वर पाण्याने भरलेला तांब्या ठेवावा. म्हशीच्या एका लिटरचे दोनशे ग्रॅमच्या आसपास पनीर मिळते. गाईच्या दुधाचे त्याहून कमी.

नैवेद्याला साधा प्रकार हवा असेल तर गाईचा ताजा छेना तळहाताने गुळगुळीत मळावा, चवीपुरती साखर घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटे परतावा आणि कोमट असतानाच वेलची घालून पेढ्यासारखे वळावे. त्याच दिवशी संपवावे. पनीर शीतकपाटात पाण्यात बुडवून दोन-तीन दिवस राहते, परंतु शिळ्याचा नैवेद्य नको.

उरलेल्या पाण्याचे काय? यज्ञात वाजिनाला देवता आहे हे आपण पाहिले. आपल्या घरी त्याला निदान परात आहे! त्या पाण्यात कणीक मळली तर पोळ्या मऊ होतात. दह्याचे पाणी कढीत किंवा आमटीत घालावे. मोरीत ओतू नये.

घरीच का करावे

कोणी म्हणेल, चार पैसे टाकले की सारे तयार मिळते, मग हा खटाटोप कशाला? त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले व्यावहारिक. कल्याणात दूधनाका नावाची वस्तीच आहे. दूध डोळ्यांपुढे मापून घेण्याची रीत या भागाला जुनी. आज मात्र पनीर म्हणून जे विकले जाते त्यात दुधाचा अंश कितपत, याची शंका घ्यावी असे दिवस आले आहेत. दुधातील स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल वापरून केलेल्या पदार्थाला पनीर म्हणून विकता येत नाही, असा नियम आहे. तरी तो पनीराच्या नावाने खपवला जातो. मार्च २०२५ मध्ये हा विषय राज्याच्या विधानसभेतही गाजला. विकतच्या पनीरात पिष्ट मिसळले आहे का, हे पाहण्याची घरगुती रीत आहे. लहानसा तुकडा पाण्यात उकळून गार करावा आणि त्यावर आयोडीनच्या टिंक्चरचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर पिष्ट आहे असे समजावे. तो तुकडा अर्थातच खाऊ नये. परदेशी धर्तीच्या चीजबाबतही शाकाहारी घरांनी डोळस असावे. काही जातींचे चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजतात. म्हणून वेष्टनावरील हिरवी खूण पाहूनच ते घ्यावे. घरी लिंबाने किंवा दह्याने फोडलेल्या दुधात यांपैकी एकही शंका उरत नाही.

दुसरे उत्तर भावाचे. नैवेद्य म्हणजे देवापुढे मांडलेली आपली वेळ आणि आपले श्रम. ज्याने रात्री उठून पुरचुंडीखालचे पातेले पाहिले, पहाटे फडके सोडले, त्याचा हात देवापुढे जोडला जाण्याआधीच अर्धी पूजा झालेली असते. नोकरीसाठी पहाटेची लोकल धरणाऱ्या घरांना हे दरवेळी जमणार नाही, याची मला जाणीव आहे. बाजारचे श्रीखंड दाखवले म्हणून देव रुसत नाही. परंतु वर्षातून एक दिवस, वर्षाचा पहिला दिवस, घरातील लहानथोरांनी मिळून वाटीभर चक्का बांधावा एवढी मागणी जड नाही. मुलांना ठिबकणारे थेंब पाहू द्यावेत. घट्ट आणि पातळ कसे वेगळे होते हे ज्याने एकदा पाहिले, त्याला सार आणि असार हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

ज्या घरांत दूध फोडण्याचा कुलाचारानेच निषेध आहे, त्यांनी तो मोडावा असे मी म्हणणार नाही. कुलाचाराचा मान राखावा; त्यांच्यासाठी चक्का आहेच, दह्याला कोणाची आडकाठी नाही. मात्र आचार आपल्यापुरता ठेवावा, दुसऱ्याच्या ताटावर त्याचा दोष ठेवू नये. आणि पाडव्याच्या सकाळी एखाद्या घरी दूध नासलेच, तर घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम त्या सुनेला म्हणावे, "असू दे बाळ, दुसरे तापव. यात तुझे काही चुकले नाही." वर्षाच्या पहिल्या दिवशी घरातून बाहेर पडणारा पहिला शब्द असा असेल तर पुढचे वर्ष कसे जाईल याची चिंता करण्याचे कारण नाही.

गुढी उंच उभारा, कडुलिंब प्रथम चाखा, मग देवाला श्रीखंड दाखवा. सर्व वाचकांना नूतन संवत्सर सुखाचे, आरोग्याचे जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.